‘पर्यावरणासाठी म्हणून नाही करत’: कोल्हापुरातल्या एका विद्यार्थी-प्रकल्पाच्या नोंदी

१० जुलै २०२४

विषय पक्का झाला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची पर्यावरणाबद्दलची जाणीव, वृत्ती आणि प्रत्यक्ष वर्तन. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प, गट तिघांचा. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, ‘जाणीव, वृत्ती, वर्तन हे तीन वेगळे रकाने आहेत. एकातलं दुसऱ्यात आपोआप उतरतं असं गृहीत धरून लिहाल तर पहिल्या पानावरच थांबवीन.’

हा विषय मी मागून घेतला त्याला कारण आहे. मी शिरोळ तालुक्यातली. पंचगंगा कोल्हापुराहून वाहत इचलकरंजीवरून आमच्याकडे येते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. वर शहरात जे नाल्यात जातं ते खाली आमच्या शिवारात येतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, तेव्हा मी शाळेत होते. घरी महिनोन्महिने पाणी उकळून पीत होतो. त्यामुळे ‘तरुणांमध्ये पर्यावरणाची जाणीव आहे का’ हा प्रश्न माझ्यासाठी नुसता पेपरातला नाही. ज्यांच्या वागण्याचं पाणी खाली आमच्याकडे येतं, त्यांना मी तो विचारणार आहे.

पार्श्वभूमीसाठी आज एवढं उतरवून ठेवलं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली, पुन्हा न्यायालयात जावं लागलं आणि १८ डिसेंबर २००३ला नवा आदेश आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम काढला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराक भरूचांनी लिहिलं. म्हणजे आमच्या प्रश्नावलीला उत्तर देणारा जवळजवळ प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थी हा पेपर पास होऊन आलेला असणार. माहितीच मिळाली नाही, असं कुणाला म्हणता येणार नाही.

या वहीत आकडे नसतील. ते तक्त्यात जातील, अहवालात जातील. तक्त्यात मावणार नाही ते इथे लिहायचं.

१८ जुलै

वृत्ती मोजायला जगभर सर्वांत जास्त वापरली जाते ती डनलॅप आणि व्हॅन लिअर यांची श्रेणी. १९७८ साली १२ विधानांची होती, २०००मध्ये सुधारून १५ विधानांची झाली. प्रत्येक विधानाला पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पाच घरं. विषम क्रमांकाची आठ विधानं निसर्गाच्या बाजूची, सम क्रमांकाची सात उलट बाजूची. सगळीकडे ‘सहमत’वर टिकमार्क करत सुटणारा त्यामुळे लगेच सापडतो.

आम्ही ती घेतली, पण त्यावर भागवायचं नाही असं ठरवलं. मानवाला निसर्गावर राज्य करण्याचा अधिकार आहे का, आधुनिक उद्योगांचा भार निसर्गाचा तोल पेलेल का, अशी ही विधानं आहेत. माणसाची विचारसरणी त्यातून कळते. पण राधानगरीच्या पाण्यावर वाढलेल्या पोराची निसर्गाशी रोजची देवाणघेवाण कुठे होते, ते त्यात येत नाही. म्हणून दुसरा भाग आमचा. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, कचरा कोण उचलतं, कॉलेजला कशाने येता, जेवणाचं काय, घरी शेती असेल तर पाणी पाटाने की ठिबकने.

२६ जुलै

काम बंद. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आहे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत. माझ्या गावाकडची वाट बंद, गटातला एक जण पन्हाळ्याच्या बाजूला अडकलेला. घरी फोन केला. दावणीची जनावरं आधीच उंचावर नेलीत, धान्य माळ्यावर चढवलंय. २०१९ आणि २०२१ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे पातळीचा आकडा घरातल्या लहान पोरालाही कळतो.

संध्याकाळी खोलीवरच्या मुलींशी बोलत बसले, काही विचारायचं म्हणून नव्हे. एक इतिहासाची, एक वाणिज्यची, तिसरी गणिताची. पर्यावरणाचा पेपर तिघींनी दिलाय, आता त्यातलं काही आठवत नाही म्हणाल्या. पण कुठल्या धरणातून किती क्युसेक सुटलं की आपल्या पुलाशी पाणी किती तासांनी येतं, अलमट्टीचा फुगवटा म्हणजे काय, कुठला ओढा बुजवून कुठे प्लॉट पडले, हे त्या अर्धा तास न थांबता सांगत होत्या. गणितवाली म्हणाली, ‘पाणी मच्छिंद्री झालं की आमची आजी पिशवी भरायला घेते. हवामान खात्याचं नंतर बघतो आम्ही.’ (मच्छिंद्री म्हणजे पंचगंगेचं पाणी शिवाजी पुलाच्या कमानींपाशी चढल्याची इथली जुनी खूण.)

आमच्या मसुद्यातल्या जाणिवेच्या भागात ओझोन थर आहे, हरितगृह वायू आहेत, १९८७चा मॉन्ट्रियल करार आहे. या मुली जे सांगत होत्या त्यातलं काहीच नाही. प्रश्नावलीत नवा भाग घालायचा: पूर, टंचाई, पीक, जनावरं. जे जगून कळलेलं आहे त्यालाही गुण पडले पाहिजेत.

९ ऑगस्ट

पूर्वचाचणी झाली. दोन वर्गांत प्रश्नावली वाटली, भरून झाल्यावर थोड्या जणांना बसवून घेतलं आणि ‘हे उत्तर का दिलंस’ असं प्रत्येक प्रश्नाला विचारलं.

‘मी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवतो’ या विधानाला ‘नेहमी’ लिहिणारे भरपूर निघाले. त्यातले बरेच कॉट बेसिसवर राहतात. खोलीत डबे किती? एक. कधीकधी एकही नाही, दाराला अडकवलेली पिशवी. मग वेगळा कुठे ठेवतोस? एकाने फार सरळ उत्तर दिलं, ‘गावाकडं घरी ठेवतो मॅडम. इथं ठेवायला जागाच न्हाई. पण सवय आहे म्हणून ‘नेहमी’ लिहिलं.’ (आम्हालाही मॅडम म्हणतात. दोन वर्षांचं अंतर, पण हातात कागदांचा गठ्ठा दिसला की म्हणतात.)

याला खोटं बोलणं म्हणणं चुकीचं ठरेल. तो स्वतःला जसा ओळखतो तसं त्याने लिहिलं. समाजाला आवडेल असं उत्तर देण्याची ओढ मोजायला क्राउन आणि मार्लो यांची १९६०ची ३३ विधानांची वेगळी चाचणी आहे. ती लावा असं एका सरांनी सुचवलं. मॅडमचं मत वेगळं पडलं आणि मला ते पटलं: उत्तर देणाऱ्यावर संशय घेत बसण्यापेक्षा प्रश्न जमिनीवर आणा. ‘नेहमी, कधीकधी, कधीच नाही’ काढून टाकलं. आता विचारतोय: तुम्ही राहता तिथे कचऱ्याचे डबे किती? काल रात्रीचा कचरा कशात टाकला? तो कोण, कधी उचलतं? पुढे कुठे जातो?

शेवटच्या प्रश्नाला शहरातली पोरं झटकन ‘झूमला’ म्हणतात. कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावरचा कचऱ्याचा डोंगर सगळ्यांनी पाहिलाय. बाहेरगावच्या पोरांना ते ठाऊक नसतं. राहत्या गावाचा कचरा आणि सांडपाणी कुठे जातं ही माहिती ओझोनच्या थराइतकीच महत्त्वाची आहे असं मी मानते. अभ्यासक्रमात तिला जागा द्यायला काहीच अडचण नाही.

२३ ऑगस्ट

प्रत्यक्ष वाटप सुरू. विज्ञान, वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रं, तिन्हीकडे. नाव लिहायचं नाही, सही नाही, शिक्षक वर्गात थांबणार नाहीत. शिक्षक दाराबाहेर गेले की वर्गाचा आवाज बदलतो आणि उत्तरंही बदलतात असं वाटतंय.

आज आजऱ्याचा एक जण भेटला, समाजशास्त्राचा. ‘माणसांइतकाच जगण्याचा हक्क प्राणी-वनस्पतींनाही आहे’ या विधानाला त्याने ‘पूर्ण असहमत’ केलेलं. कागद परत देताना स्वतःच थांबला. म्हणाला, ‘आमच्या उसात हत्ती येतो. एका रात्रीत अर्धा एकर जातो. पंचनामा होतो, भरपाई कमी येते, उशिरा येते. कागदावर हक्क कुणाचा ते तुम्ही लिवा.’ हत्ती कर्नाटकातून आजरा-चंदगडाच्या बाजूला येऊ लागले त्याला वीस वर्षं उलटून गेली. हा मुलगा हत्तीसोबतच मोठा झालाय.

मी विचारलं, हत्ती मारावा असं वाटतं का? तो दचकला. ‘मारायचं कशाला? गणपती हाय तो. पण रात्री राखण आम्ही करायची आणि सहमत तुम्ही करायचं, असं नको.’

श्रेणीच्या हिशोबात तो निसर्गविरोधी ठरतो. दाजीपूरचं अभयारण्य एका दिवसात बघून परतलेला शहरातला विद्यार्थी ‘पूर्ण सहमत’ करून त्याच्या वर जातो. मला हा हिशोब मान्य नाही. मॅडमशी बोलून ठरवलं: श्रेणीचे गुण जसे येतील तसे द्यायचे, त्यात हात घालायचा नाही, पण असहमतीमागचं कारण विचारणारी एक मोकळी ओळ प्रत्येक विधानाखाली ठेवायची. वन्यजीवांसोबत राहण्याचा खर्च कोण उचलतं, याची नोंद वृत्तीच्या आकड्याशेजारी असलीच पाहिजे.

१२ सप्टेंबर

गौरी-गणपती विसर्जन. कोल्हापुरात घरगुती गणपती गौरीबरोबरच जातात, त्यामुळे आजचा दिवस मोठा. सकाळपासून पंचगंगा घाट, मग रंकाळा, मग इराणी खण. महापालिकेने ठिकठिकाणी कुंडं आणि काहिली ठेवल्यात. गुळाच्या गुऱ्हाळावरची काहील विसर्जनाला वापरायची ही युक्ती अस्सल इथलीच. निर्माल्याला वेगळी गाडी. राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं-पोरी टी-शर्ट घालून उभी, ‘काका, मूर्ती इकडं द्या, आरती इथंच करा’ म्हणत.

एक बाई नदीतच सोडणार म्हणून अडून बसल्या. पन्नास वर्षांचा रिवाज. एका विद्यार्थिनीने वाद घातला नाही. तिने त्यांची मूर्ती स्वतः हातात घेतली, पायरीवर पाण्याला टेकवली, तीनदा खालीवर केली आणि मग काहिलीत सोडली. बाईंनी तिच्या हातावर खिरापत ठेवली. नंतर मी तिला विचारलं, हे कुणी शिकवलं? ‘कुणी नाही. माझ्या आजीला असंच पटवलं होतं मी गेल्या वर्षी.’

दुपारी एका पेठेतल्या तालमीची पोरं भेटली. त्यातला एक आमच्या सर्वेक्षणात येऊन गेलाय. मला तोंड ओळखीचं वाटलं, त्यानेच सांगितलं. तालमीच्या परिसरातल्या सगळ्या घरांच्या मूर्ती गोळा करून ते टेम्पोने खणीवर आणत होते. तुझी पर्यावरणाची आवड कधीपासून, असं आमच्या गटातल्या सोबत्याने विचारल्यावर तो म्हणाला, ‘आवड असं काय न्हाई. तालमीनं ठरवलं. ठरलं म्हणजे ठरलं.’

हे मी रात्री दोनदा लिहून काढलं. आमची सगळी प्रश्नावली ‘मी’ने सुरू होते. मी पाणी वाचवतो, मी कचरा वेगळा करते. पण कोल्हापुरात पोरगं एकटं वागतच नाही. तालीम आहे, मंडळ आहे, खोलीवरचा ग्रुप आहे, गावाकडची भावकी आहे. निर्णय तिथे होतो आणि एकदा झाला की शिस्तीत पाळला जातो. ‘तुमच्या तालमीत, मंडळात किंवा गटात असं काही ठरलं आहे का? कुणी ठरवलं?’ हे दोन प्रश्न उरलेल्या वाटपासाठी पुरवणी म्हणून जोडायचे.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. त्याच पेठांमधून मिरवणूक, ध्वनियंत्रणांच्या भिंती. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. काल रस्त्यावर छातीत हादरे बसत होते. मूर्ती गोळा करणारी काही पोरं त्या आवाजापुढे नाचताना दिसली.

गट जिकडे वळतो तिकडे पोरगं वळतं, चांगल्याकडे आणि वाईटाकडेही. हे अहवालात जसंच्या तसं जायला हवं, फक्त १२ तारखेची नोंद ठेवून चालणार नाही.

३० सप्टेंबर

वाटप संपलं. गठ्ठे मोकळ्या ओळींसाठी वाचायला घेतले. सर्वांत जास्त वेळ थांबवतायत ती गावाकडून येजा करणाऱ्या मुलींची उत्तरं.

एकीने लिहिलंय: स्टीलचा डबा, घरची पाण्याची बाटली, एसटीने प्रवास, वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून कच्ची वही, बहिणीची पुस्तकं, ताईचे ड्रेस. आणि शेवटी, ‘तुम्ही पर्यावरणासाठी काय करता’ या प्रश्नापुढे: ‘काही नाही. पर्यावरणासाठी म्हणून मी काही करत नाही.’

तिच्याशी बोलायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण नाव नाही आणि नसणंच योग्य. याच अर्थाची उत्तरं गठ्ठ्यात पुन्हापुन्हा आलीत. एसटी का? मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून. डबा का? बाहेरचं परवडत नाही म्हणून. पंखा बंद का? घरमालकीण वीजबिलावरून बोलते म्हणून.

दुसऱ्या बाजूला कापडी पिशवीवर घोषवाक्य लिहून आणणारे, वृक्षारोपणाचे फोटो टाकणारे, आणि चार गल्ल्यांवरच्या खोलीवरून रोज मोटारसायकलने येणारे. पर्यावरणाबद्दलच्या वृत्तीच्या श्रेणीत यांचे गुण वरचे. मी त्यांना खोटं ठरवत नाही. त्यांची तळमळ खरी आहे, काहींनी पुरानंतर चिखल उपसलाय. पण पेट्रोलचा हिशोब वेगळा आणि तळमळीचा वेगळा.

पॉल स्टर्न यांच्या २०००च्या लेखात याचा धागा सापडला. पर्यावरणाच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्तन दोन बाजूंनी ओळखता येतं, असं ते मांडतात: माणसाचा हेतू काय होता यावरून, आणि परिणाम काय झाला यावरून. दोन्ही जुळतीलच असं नाही. कोलमस आणि अग्येमान यांचा २००२चा लेख जाणीव आणि कृती यांच्यामधल्या दरीवर आहे, आणि दरी म्हटलं की सगळे एकाच काठावरून बघतात: जाणीव आहे, कृती नाही. आमच्या गठ्ठ्यात दुसऱ्या काठावर मोठी रांग उभी आहे. कृती आहे, तिला पर्यावरणाचं नाव नाही. ही पोरं, विशेषतः ह्या पोरी, स्वतःला ‘काही न करणाऱ्या’ समजतात. आणि त्यांना कार्यशाळेत बसवून काटकसर शिकवायला आम्ही निघतो.

यात एक धोका आहे, तोही लिहून ठेवते. पैशाच्या ओढीने झालेली काटकसर पैसा आला की जाते. याच मुलीला नोकरी लागली, गाडी आली, तर एसटी सुटणार. गरिबीला पर्यावरणप्रेम म्हणून गौरवायचं नाही. प्रश्न असा आहे की परिस्थिती सुधारल्यावरही यातलं काय टिकावं असं तिला वाटेल, आणि ते टिकण्यासाठी शहरात बस वेळेवर असणार आहे का.

५ डिसेंबर

परीक्षा, दिवाळी, निवडणूक यांत मधले दोन महिने गेले. आता दुसरा टप्पा: कागदावरून ताटाकडे. विद्यापीठाजवळच्या एका खानावळीच्या मावशी तयार झाल्या. अट एकच, ‘गिऱ्हाईकाला ताटावरून बोलायचं नाही. पोरं उपाशी उठली तर मला खपायचं नाही.’

उष्ट्याची बादली रात्रीच्या जेवणानंतर ताणकाट्यावर लावायची, भात, चपाती, भाजी डोळ्यांनी वेगळं लिहायचं. पहिल्या काही रात्रींतच दिसलं की बादलीत भात सर्वांत जास्त असतो. बुधवारी आणि रविवारी रस्सा असतो, तेव्हा बादली जवळपास रिकामी.

पोरांना विचारलं, टाकता का? ‘टाकत नाही, म्हशींना जातं की.’ खरंच जातं. एक म्हशीवाला रोज येतो, गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध विकणाऱ्यांपैकी एकाच्या नात्यातला. त्यामुळे ‘अन्न वाया जातं’ हे वाक्य इथे कुणाला लागूच पडत नाही. भात पिकवायला लागलेलं पाणी, शिजवायला लागलेला गॅस, मावशींचे तांदळाचे पैसे, हे सगळं म्हशीपाशी येऊन फिटतं असा सर्वांचा समज. काही अंशी बरोबरही आहे. शहरात जिथे म्हैस नाही तिथे हेच उष्टं डेपोत कुजून मिथेन होतं, त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण भात जनावराच्या वैरणीसाठी लावत नाही कुणी.

२० डिसेंबर

भात का उरतो ते मावशींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही विचारलं नव्हतं एवढंच. गर्दीच्या वेळी वाढायला माणूस पुरत नाही, म्हणून चपातीबरोबर भाताची मूदही ताटात आधीच घालून ठेवतात. चपात्यांवर पोट भरतं, भात तसाच राहतो. ‘मागून वाढला तर निम्म्यानं घेतील. पण वाढणार कोण?’

एवढी प्रश्नावली झाली, आणि बादलीतल्या भाताचं कारण वाढपात निघालं.

१० जानेवारी २०२५

दोन आठवडे, दोन वेगवेगळे उपाय. पहिल्या आठवड्यात फक्त पाटी. पाटीवर काय लिहायचं यावर बराच खल झाला. हॉटेलातल्या टॉवेलांचा प्रयोग मॅडमनी वाचायला दिला होता: गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिसिअस, २००८. ‘पर्यावरण वाचवा’ म्हणणाऱ्या सूचनेपेक्षा ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला’ या सूचनेचा परिणाम जास्त झाला. १२ सप्टेंबरला तालमीचं पोरगं जे बोललं ते हेच होतं.

मग पाटीवर रोजची खरी गोष्ट लिहायची ठरली: ‘काल रात्री बहुतेक ताटं स्वच्छ उठली. धन्यवाद.’ ज्या रात्री तसं झालं नाही त्या दिवशी पाटी कोरी. याबाबतीत मी हट्ट धरला. लोकांचं वागणं सांगून लोकांना वळवायचं असेल तर ते सांगणं खरंच असलं पाहिजे. शिवाय शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांचा २००७चा कॅलिफोर्नियातला वीजवापराचा अभ्यास इशारा देतो: सरासरी कळल्यावर जास्त वापरणारे खाली आले, पण कमी वापरणारे वर सरकले. नुसता आकडा सांगितला की असं होतं, सोबत शाबासकीची खूण असली की ते थांबतं. म्हणून ‘धन्यवाद’.

दुसऱ्या आठवड्यात पाटी काढली आणि भात मागून वाढला. वाढपी आम्ही तिघे.

२७ जानेवारी

पाटीने बादली थोडी हलकी झाली, मुख्यतः रोजच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या टेबलांवर. नव्या, येऊन-जाऊन असणाऱ्यांवर परिणाम दिसला नाही. वाढपाने बादली चांगलीच हलकी झाली, आणि तीही सगळ्या टेबलांवर. एका खानावळीतले दोन आठवडे, त्यावरून मोठा दावा करता येत नाही आणि करणारही नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

मावशींनी लगेच हिशोब मांडला. वाचलेल्या तांदळात वाढप्याचा पगार निघत नाही, पण गर्दीच्या दीड तासापुरता एखादा विद्यार्थी जेवणाच्या बदल्यात वाढायला मिळाला तर जमतं. दोन गरजू पोरांची नावं त्यांच्याकडे आधीच आहेत. आमच्या प्रकल्पातून निघालेली ही मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि तिचा जन्म वृत्तीच्या श्रेणीतून झालेला नाही.

म्हशीवाला मात्र नाराज आहे. त्याच्याशी बोलून मावशींनी भाज्यांचे देठ आणि साली वेगळ्या ठेवायचं कबूल केलं. म्हणजे ओला कचरा वेगळा व्हायला लागला, एकही भाषण न करता.

८ फेब्रुवारी

अहवालाचं एक प्रकरण बाकी होतं: सार्वजनिक कृती. निवेदन देणं, सभेला जाणं, माहिती अधिकारात अर्ज करणं. इथे उत्तरं फार कमी आणि फार जपून. ‘घरी कळलं तर’, ‘नोकरीच्या वेळी अडचण’, ‘आपल्या सहीनं काय होतंय’.

गटचर्चेत मी आरेचं उदाहरण दिलं. ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री मुंबईत आरेतली झाडं तोडायला सुरुवात झाली, विरोध करणाऱ्यांना अटक झाली, त्यात विद्यार्थी होते. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने ते याचिका म्हणून घेतलं आणि ७ ऑक्टोबरला तोड थांबवण्याचा आदेश दिला. तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. चर्चेत शांतता. मग वाणिज्यची एक मुलगी म्हणाली, ‘पत्र लिहायला मला कुणी शिकवलं नाही. कुणाला लिहायचं, मायना काय, सोबत काय जोडायचं. पर्यावरणाच्या पेपरला हे विचारलं असतं तर मी पाठ केलं असतं.’

तिचं म्हणणं शिफारशींच्या पानावर पहिलं घेतलंय. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून आपल्या गावाच्या किंवा प्रभागाच्या एका खऱ्या प्रश्नावर एक खरा अर्ज लिहावा, पोच घ्यावी आणि उत्तर आलं की नाही ते नोंदवावं. जुनी प्रकल्पवही उतरवून देण्याची सोय यात राहत नाही, कारण पोचेवर तारीख आणि शिक्का असतो.

२१ फेब्रुवारी

अहवाल जमा केला. मॅडमनी एका ठिकाणी खूण केली होती: ‘अनामिक काटकसर’ असं मी एका प्रकरणाला नाव दिलं होतं, त्यांना ते गोड वाटलं. काढलं. आता नाव साधं आहे: ‘हेतूशिवाय होणारं पर्यावरणपूरक वर्तन’. दोन रकाने शेजारीशेजारी छापलेत, हेतूचा आणि परिणामाचा, आणि आजऱ्याच्या मुलाचं कारण श्रेणीच्या तक्त्याखालीच दिलंय, परिशिष्टात टाकलेलं नाही.

उरलेली कामं. खानावळीत वाढपाला एक जण सोमवारपासून येतोय, महिनाभर बादलीचं वजन तोच लिहील, त्याला तक्ता आखून दिला. कॉट बेसिसच्या दोन घरमालकांनी खोल्यांच्या मजल्यावर दुसरा डबा ठेवायला होकार दिलाय, पण घंटागाडी सकाळी येते तेव्हा पोरं लेक्चरला गेलेली असतात. ओला डबा खाली कोण नेणार हे ठरल्याशिवाय डबे विकत घ्यायचे नाहीत. प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकांना गाडीची वेळ बदलून मागणारा अर्ज लिहून ठेवलाय. वाणिज्यच्या त्या मुलीने मायना लिहिला, सह्या गोळा करणं चालू आहे, उद्या दुपारी पोच घ्यायला ती आणि मी जाणार.